बिनपासिंगचा मुराळी

आमच्या नातीचं, सोनलचं, लग्न झालं ते वर्ष दोन हजार तेवीस. तुळशीचं लग्न उरकलं आणि पुढच्याच आठवड्यात सोनलचं. जळगावच्या लॉनवर नवरा-नवरी आले ते एका अशा गाडीतून, जिचं इंजिन बाहेर होतं. बॉनेट नावालाही नाही. छत कापून बुटकं केलेलं, पुढची चाकं बारीक, मागची रुंद, दोन्ही अंगांना आगीच्या ज्वाळा रंगवलेल्या. गाडी जावयाच्या पुण्याच्या मित्राची होती. तिचा आवाज असा, की बँडवाल्यांनी वाजवणं थांबवलं आणि तिच्याकडे बघत बसले.

"नाना, याला हॉट रॉड म्हणतात," सोनल शालू सांभाळत मला म्हणाली. "जुनी गाडी घ्यायची आणि ती आपल्या मनासारखी करून टाकायची."

"इंजिनाले झाकायले काही भेटलं नाही का?" आमची मंडळी, कोकिळा, म्हणाली. "चार पाव्हण्यांत असं उघडं यायचं म्हंजे!"

मी बघत होतो. चाळीस वर्षं मी ट्रक चालवला, रावेरची केळी दिल्लीला पोचवली, आणि तेवढ्या वर्षांत एकाही हवालदाराने माझी पावती फाडली नाही. ही गोष्ट मी ज्याला त्याला सांगत असतो. कोकिळा म्हणते, अनोळखी माणसाला आधी नाव सांगावं. माझं नाव सुपडू.

माझ्या शेजारी चाकाच्या खुर्चीत ताईबाई बसली होती. ताईबाई माझी थोरली बहीण, वय ऐंशीच्या पुढे. तिला जळगावात दिलेली. मुलगा प्रेमराज बँकेत साहेब. खुब्याचं हाड मोडल्यापासून ती नशिराबादला, म्हणजे माहेरी, आली नव्हती. लग्नाच्या गडबडीत मी तिला म्हणालो, "ताईबाई, येत्या आखाजीले मी तुले घ्यायले येतो."

आखाजी म्हणजे अक्षय तृतीया, आमच्याकडे लेकीबाळींची दिवाळी. लेकीला आणायला भाऊ जातो, त्याला मुराळी म्हणतात. मुराळी आला नाही तर लेक येत नाही, मग माहेर हाकेच्या अंतरावर का असेना.

"कायची आखाजी आता," ताईबाई म्हणाली. "उंच गाडीत पाय चढत नाही. बुटक्या गाडीत बसलं तं उठवत नाही. रिक्षात हाडं खिळखिळी होतात." मग तिने त्या पुण्याच्या गाडीकडे पाहिलं. "बापाची गाडी होती ती बरी होती. पायरी न् पायरी मापाची. त्या गाडीत नेशीन तं येईन."

ती थट्टेत बोलली असेल. पण थोरल्या बहिणीने एवढ्या वर्षांत माझ्याकडे मागितलेली ती पहिली वस्तू होती. आणि आणखी किती आखाज्या येणार, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही.

बापाची गाडी म्हणजे एक लहानशी पिकअप. एकाहत्तर सालची. ज्या कारखान्याने ती बनवली तो कारखाना आता जगात नाही. पुढे दोन माणसं, मागे केळीचे थोडे घड बसतील एवढा हौदा. रस्त्याने जाताना म्हशीही तिला वाट देत नसत. गेली कित्येक वर्षं ती आमच्या खळ्यात निंबाखाली उभी होती आणि कोंबड्या तिच्यात नेमाने अंडी घालत होत्या.

नुसती दुरुस्ती केली असती तर ही गोष्ट एवढ्यात संपली असती. पण माझ्या डोळ्यांपुढे पुण्याची गाडी होती. बहिणीला आणायचं तर नवरीसारखं आणायचं, असं माझ्या मनाने घेतलं.

मी चुडामण मिस्तरीला बोलावलं. चुडामण माझ्याच वयाचा. त्याचं गॅरेज हायवे रुंद झाला तेव्हा रस्त्यात गेलं, आणि तेव्हापासून तो दुसऱ्यांच्या गाड्यांचे आवाज ऐकून रोग सांगत ओट्यावर बसलेला असे. मी त्याला मोबाइलवर सोनलच्या वरातीचा व्हिडिओ दाखवला. त्याने तो तीनदा पाहिला आणि चष्मा पुसला.

"होईन," तो म्हणाला. "पण इंजिन मोठं लागीन. हिचं इंजिन म्हंजे शिवणयंत्र आहे."

आमचे शेजारी मगन हे कोर्टात बेलीफ होते. आयुष्यभर लोकांच्या दारावर नोटिसा चिकटवल्यामुळे त्यांना कायद्याची जवळून ओळख आहे, असं ते मानतात. मी त्यांना विचारलं, की गाडीचं रूप बदलायचं तर आरटीओची परवानगी आधी घ्यायची का.

"नाना, तुम्ही भोळे," मगन म्हणाले. "परवानगी आधी मागितली तर नाही म्हणतात. करून टाकलं आणि मग मागितली, तर म्हणतात, आता झालंच आहे तर बघू. माझ्या चुलत भावाने पडवी तशीच वाढवली."

मी अक्षर पन्नाशीनंतर शिकलो. त्यामुळे लिहिलेल्यावर माझा विश्वास जरा जास्तच आहे, आणि लिहिलेलं ज्याने हातात घेतलं त्याच्यावरही. मगन बेलीफ यांनी आयुष्यभर लिहिलेलंच हातात घेतलं होतं. मी त्यांचं ऐकलं.

इंजिनासाठी आम्ही धुळ्याला गेलो. तिथे धनसिंगचं जुन्या मालाचं मोठं आवार आहे. धनसिंगने एका इंजिनावरचं पोतं ओढलं आणि त्याच्यावर हात ठेवला, जसा आपण जावयाच्या खांद्यावर ठेवतो, आणि अहिराणीत सुरू झाला.

"आबा, हाई जीपनं इंजन शे. बठ्ठं नवं करेल शे. बैल थकी जाई, पन हाई थकाव नही."

"कागद आहे का याचा?" मी विचारलं.

"इंजन काय कागदवर चालस का, आबा? डिझेलवर चालस."

चुडामणला हे उत्तर फार आवडलं. परतीच्या वाटेवर पारोळा येईपर्यंत तो ते स्वतःशी म्हणत होता.

खळ्यात आणून ठेवल्यावर कळलं, की इंजिन गाडीपेक्षा फार लहान नाही. धाकट्या घरात थोरला पलंग नेल्यावर होतं तसं झालं. ते ठेवायचं तर बाकीच्यांनी बाहेर यायचं. बॉनेट गेलं, तसं ते जाणारच होतं. पण पुढची जाळी गेली, पाण्याची टाकी गेली, आणि गियरचा दांडा माझ्या गुडघ्यांच्या मधून वर आला. मागे चुडामणने ट्रॉलीची रुंद चाकं बसवली, पुढे बारीक. गाडी मागून उंच आणि पुढून खाली झाली. रोज संध्याकाळी गावातली माणसं बघायला येत.

"ही पाणी प्यायले वाकली आहे का?" समोरच्या घरातला नवल पाटील विचारायचा. नवलकडे गावातली शेवटची बैलजोडी होती, त्यामुळे चाकाच्या कोणत्याही वस्तूबद्दल त्याचं मत ठाम असे. "सुपडू नाना, हिच्यानं नांगरता येईन का?"

"नवल, ही हौसेची गाडी आहे."

"मंग वखरता तरी येईन का?"

छत कापायचं माप चुडामणने स्वतः आत बसून घेतलं. चुडामण मुळात ठेंगणा, त्यात पाठीला पोक, आणि टोपी तो घालत नाही. छत कापून, जोडून, रंगाचा हात देऊन झाल्यावर मी आत बसलो. माझं डोकं टोपीसकट छताला असं टेकलं की मान वाकवावी लागली आणि मला रस्त्याऐवजी स्वतःचं पोट दिसू लागलं.

"टोपी काढ," चुडामण म्हणाला.

"बहिणीच्या दारी बोडख्यानं जाऊ?"

"मंग मान काढ," असं म्हणून तो बिडी ओढायला निघून गेला.

ज्वाळा रंगवायला रावेरचा सुकदेव पेंटर आला. केळीच्या ट्रकांवर त्याच्याइतकी सुंदर अक्षरं कोणी काढत नाही. मी त्याला सोनलच्या लग्नाचा फोटो दिला आणि पिवळ्या ज्वाळा मागे उडत गेलेल्या हव्यात, असं नीट समजावून सांगितलं. सुकदेवने दोन दिवस मन लावून काम केलं. तिसऱ्या दिवशी त्याने पडदा बाजूला केला. दोन्ही दारांवर पिवळ्या, टोकाला जरा हिरवट, वर वळलेल्या, एकीला एक चिकटून असलेल्या…

"सुकदेव," मी म्हणालो, "या फण्या आहेत."

"ज्वाळा आहे, नाना."

"सुकदेव, या केळीच्या फण्या आहेत."

त्याने मागे सरून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "हात तिकडंच जातो, नाना," तो शेवटी म्हणाला. त्याच्या आवाजात इतकं दुःख होतं, की मीच त्याला चहा पाजला आणि ज्वाळा फार छान झाल्या आहेत असं सांगितलं. त्या दिवसापासून त्यांना फण्या म्हणणाऱ्या प्रत्येक माणसाशी मी भांडलो आहे.

चैत्रात आम्ही इंजिन पहिल्यांदा चालू केलं. पुण्याच्या गाडीला होत्या तशा धुराच्या नळ्या चुडामणने दोन्ही बाजूंना आभाळाकडे तोंड करून बसवल्या होत्या. चैत्रात आमच्या आळीत काय चालतं, हे आम्हा दोघांपैकी एकाच्याही लक्षात आलं नाही. खाटांवर, गच्चीवर, पांढऱ्या लुगड्यांवर, सगळ्या आळीचे बिबडे वाळत पडले होते. ज्वारीचे ते पापड लाटायला बायका पहाटेपासून बसलेल्या. चुडामणने चावी फिरवली. इंजिन एकदा खोकलं, दोनदा खोकलं, आणि मग त्याने पोटातलं सगळं वर्षानुवर्षांचं काळं आळीवर सोडलं.

आवाज झकास होता. एवढं मात्र खरं.

धूर विरला तेव्हा गच्च्यांवर बायका उभ्या होत्या. कोणी ओरडलं नाही. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. कोकिळा खाली आली, तिने एक काळा बिबडा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "खा."

दुसऱ्या दिवशी मी आणि चुडामण, दोघं मिळून दीडशे वर्षांची माणसं, अंगणात चुलीपुढे बसून बिबड्यांचा घाटा हाटत होतो. मोठ्या पातेल्यात ज्वारीचं पीठ शिजतं, त्यात लाकडी दांडा फिरवत राहावं लागतं, थांबलं की गाठी. आळीतल्या बायका वरून सूचना देत होत्या. "नाना, गियर टाका!" एक म्हणाली. मी तिकडे पाहिलं नाही. माणसाने अपमानाच्या वेळी पातेल्यात बघावं.

आखाजी मे महिन्याच्या दहा तारखेला होती. एप्रिलच्या शेवटी गाडी तयार झाली आणि मी, चुडामण आणि मगन ती आरटीओत घेऊन गेलो. चालवत नेली नाही. बिनपासिंगची गाडी रस्त्यावर आणणारा माणूस मी नव्हे. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून, वर ताडपत्री बांधून नेली. तिथे इन्स्पेक्टर होत्या कामिनी मॅडम. तरुण, पण नजर अशी की गाडीने आपणहून हात जोडावेत.

मॅडमनी ताडपत्री काढायला लावली. त्या गाडीभोवती एकदा फिरल्या, मग कागद पाहिला, मग पुन्हा फिरल्या.

"आजोबा, कागदावरची गाडी कुठे आहे?"

"हीच ती."

"कागदावर रंग हिरवा आहे. इंजिन याच्या निम्म्याहून लहान आहे. छत पूर्ण आहे. बॉनेट आहे. मग ही कोणाची?"

"हिचीच," मी म्हणालो. "वयात आल्यावर मुलगी बदलते तशी."

मॅडम हसल्या नाहीत, पण त्यांनी पेन बंद केलं. "तुम्हाला माहीत आहे का, पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी वेगळा नियम आहे? मूळ रूपात असती, तर मी स्वतः अर्ज भरून घेतला असता. वेगळा नंबर मिळाला असता. जिल्ह्यात अशी गाडी नसेल दुसरी." त्यांनी दारावर बोट टेकवलं. "आणि तुम्ही तिच्यावर केळी काढली."

"ज्वाळा आहेत," मी म्हणालो.

म्हणजे कोंबड्यांची अंडी काढून, धुऊन, जशी होती तशी गाडी आणली असती तर तिला मान मिळाला असता. आम्ही चार महिने राबून तिला बेकायदा केलं होतं. मी मगनकडे पाहिलं. मगन भिंतीवरची सूचना वाचत होते.

"मॅडम," मी म्हणालो, "माझी बहीण ब्याऐंशी वर्षांची आहे. या आखाजीला तिला या गाडीतून माहेरी न्यायचं आहे. जळगाव ते नशिराबाद, एवढंच. मग तुम्ही म्हणाल ते करीन."

कामिनी मॅडमनी कागद माझ्या हातात परत दिला. "आजोबा, हे इंजिन घालून ती रस्त्यावर दिसली तर मला ती जप्त करावी लागेल. बहीण आत असली तरी." मग त्या वळल्या आणि जाता जाता म्हणाल्या, "इंजिन काढा, बैल जुंपा, मग माझ्या खात्याचा काही संबंध नाही."

त्या चिडून म्हणाल्या, हे आता मला कळतं. पण त्या वेळी मी, चुडामण आणि मगन, तिघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि तिघांनाही तो कायदेशीर सल्ला वाटला. मगन म्हणाले, "तोंडी आदेश आहे. मी साक्षीदार."

इंजिन काढायला चुडामण तयार होईना. तो त्याच्याजवळ खाट टाकून बसला. "तू मले म्हण, की चुडामण, तुझं काळीज काढ. काढतो. पण हे नाही." मी त्याला समजावलं, की इंजिन जाणार नाही, खळ्यातच राहील, फक्त ताईबाई येईपर्यंत. शेवटी ताईबाईचं नाव काढल्यावर तो उठला. लहानपणी तिने त्याला आमच्या चुलीवरच्या गरम भाकरी खाऊ घातल्या होत्या. त्याने एकट्याने बोल्ट सोडवले, कोणाला हात लावू दिला नाही.

इंजिन गेल्यावर पुढे एक मोठा खड्डा राहिला. कोकिळाने तो पाहिला, घरात गेली आणि पाण्याचा माठ आणून त्यात बसवला. चहूबाजूंनी ओलं पोतं लावलं. माठ असा चपखल बसला, की जीपच्या इंजिनापेक्षा तोच तिथला वाटत होता. बाहेर जळगावचा मे महिना पेटलेला, आणि आमच्या गाडीच्या इंजिनातून वाळ्याचं गार पाणी येत होतं.

बैल नवल पाटलाचे. नवलने अट घातली, की कासरा त्याच्याच हातात राहील, आणि माझ्याकडून कबूल करून घेतलं, की बैलाशिवाय कोणतीही गाडी अपुरी असते. मी कबूल केलं. त्याची जोडी शंकरपटात पळणारी होती; पटाच्या शर्यतीत तिने एकदा बक्षीसही आणलं होतं. ही गोष्ट मला माहीत होती, पण तिचा आपल्याशी काही संबंध येईल असं मला वाटलं नव्हतं.

आखाजीच्या दोन दिवस आधी पहाटे आम्ही निघालो. पुढे दांडीवर नवल, आत मी, मागे हौद्यात कोकिळा, चुडामण आणि मगन. स्टेअरिंग माझ्या हातात होतं, पण वळवत होते बैल. एवढ्या वर्षांच्या संसारानंतर मला यात नवीन काही नव्हतं.

प्रेमराजच्या सोसायटीच्या फाटकाशी वॉचमन उठून उभा राहिला. प्रेमराज बनियनवरच खाली आला.

"मामा, हे काय? सोसायटीत बैल? मी एसी गाडी बुक केली असती!"

"तू भाचा आहे," मी म्हणालो. "मुराळी मी आहे."

ताईबाईला चाकाच्या खुर्चीतून आणलं. नवं लुगडं नेसून ती चार वाजल्यापासून तयार होती. गाडीसमोर आल्यावर तिने मान वर केली आणि ती बघतच राहिली. छत कापलेलं, फण्या नव्हे ज्वाळा रंगवलेल्या, पुढे माठ, माठापुढे बैल. तिने मागितली होती बापाची गाडी. मी बापाच्या गाडीचं काय करून ठेवलं होतं, ते मला त्या क्षणी पहिल्यांदा नीट दिसलं.

"ही कोनाची रे, सुपड्या?" ती म्हणाली.

"आपली. बापाची."

मी दार उघडायला गेलो. ते दार चार महिने आम्हाला पहारीशिवाय उघडलं नव्हतं, आणि पहार घरी राहिली होती. मी ओढलं, चुडामणने ओढलं, प्रेमराजने ओढलं. ताईबाईने आम्हाला बाजूला व्हायला सांगितलं. खुर्चीत बसूनच तिने हातातली काठी उलटी धरली आणि दाराच्या खालच्या कोपऱ्यात, बिजागरीजवळ, एकच ठोका दिला. दार आपोआप उघडलं.

"बापाचीच आहे," ती म्हणाली. "चाल."

आणि ती आत बसली. पायरी मापाची होती. छत तिच्या डोक्यावर बरोबर बोटभर उरलं. माझी बहीण वयाने इतकी लहान झाली होती, की कापलेलं छत अख्ख्या घरात तिला एकटीलाच बसलं. चुडामण मागून म्हणाला, "पाह्य, माप चुकलं नव्हतं."

नशिराबादच्या अलीकडे पथकाने आम्हाला अडवलं. लोकसभेची निवडणूक तोंडावर होती, आचारसंहिता लागलेली, रस्त्यावर तपासणी सुरू. एका साहेबांनी हात केला, आणि त्यांच्याबरोबरचा माणूस कॅमेरा घेऊन आमचं चित्रण करू लागला.

"प्रचाररथाची परवानगी?"

"प्रचाररथ नाही, साहेब."

"मग हे केळीचं चिन्ह कोणत्या उमेदवाराचं?"

"ज्वाळा आहेत," मी म्हणालो.

साहेबांनी चिन्हांचा तक्ता काढला. त्यात केळी नव्हती. ज्वाळाही नव्हत्या. यामुळे त्यांचा संशय कमी व्हायच्या ऐवजी वाढला. त्यांनी हौदा तपासला, कोकिळाची पिशवी तपासली, मगनने आपण कोर्टातले असल्याचं सांगितल्यावर मगनला तपासलं. मग माठात हात घालायला लावला, आत रोकड आहे का म्हणून. हात घालणारा माणूस हात बाहेर काढेना.

"काय आहे?"

"साहेब, पाणी आहे. लई गार आहे."

सगळं पथक पाणी प्यायलं. कॅमेरावाला दोनदा प्यायला. साहेबांनी तोंड पुसलं आणि आत वाकून पाहिलं. "आजी, तुम्हाला कुठे नेतायत?"

"माहेरी," ताईबाई म्हणाली. "आखाजीले. हा मह्या भाऊ आहे."

साहेब सरळ झाले. त्यांनी तक्ता घडी घालून खिशात ठेवला. "मुराळ्याला परवानगी लागत नाही," ते कॅमेरावाल्याला म्हणाले. "जाऊ दे यांना."

आम्ही शंभर पावलं गेलो असू, तोवर मागून खरोखरचा प्रचाररथ आला. त्याची परवानगी होती. त्यावर ढोल होता आणि भोंगा होता. ढोल वाजला. नवलच्या बैलांनी कान टवकारले. शंकरपटात ढोल वाजला की काय करायचं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

मी चाळीस वर्षं ट्रक चालवला आहे. तो वेग मला माहीत नव्हता. रुंद चाकं दणदणत होती, माठातलं पाणी माझ्या तोंडावर उडत होतं, मागे मगन मोठ्याने देवाचं नाव घेत होते आणि कोकिळा त्यांना "धरा, धरा" म्हणत होती, काय धरा ते न सांगता. नवल ओरडत होता, पण थांबवायला की पळवायला, ते त्यालाही ठरवता येत नव्हतं. आम्ही एक रिक्षा मागे टाकली. एक लग्नाची मिनीबस मागे टाकली. एक मोठी पांढरी गाडी, काळ्या काचांची, आम्हाला वाट देईना. ताईबाईने खिडकीतून काठी बाहेर काढून तिच्या काचेवर टकटक केलं.

"हाण, सुपड्या!" ती ओरडली. "हाण!"

आमचं गाव आलं तेव्हा वेशीवर माणसं उभी होती. आमचं घर दिसताच मी ब्रेक दाबला. चुडामणने तो असा बसवला होता, की बैलांनाही ते मान्य करावं लागलं. गाडी बरोबर आमच्या दाराशी थांबली. धूळ खाली बसली. ताईबाईचा पदर खांद्यावर आला होता, केस सुटले होते, आणि ती हसत होती. कोकिळाने घाईघाईने आत जाऊन भाकरतुकडा आणला आणि तो तिच्यावरून ओवाळून टाकला. बिबड्यांच्या दिवशी मला गियर टाकायला सांगणारी ती शेजारीण पुढे आली आणि गाडीलाही ओवाळून गेली. मी तिच्याकडे बघितलं. या वेळी पातेलं समोर नव्हतं.

आखाजीला निंबाला झोका बांधला. लेकी-सुना झोक्यावर गाणी म्हणत होत्या. ताईबाईला झोक्यावर बसता येईना. मग चुडामणने गाडी झोक्याशेजारी उभी केली, ताईबाईला आत बसवलं आणि बायकांना मागचा हौदा दाबायला सांगितला. मागच्या कमानी इतक्या मऊ होत्या, की गाडी वर-खाली झुलू लागली. ताईबाईने डोळे मिटले आणि गाणं धरलं. तिला सगळी गाणी येत होती; पोरींना अर्धीच येत होती.

आखाजी झाली. लेकी आपापल्या घरी गेल्या. मी ताईबाईला विचारलं, तुला कधी सोडू?

"याच गाडीत जाईन," ती म्हणाली. "पण आता कायद्यानं. बैलाच्या मागं पुन्हा बसत नाही मी, मह्या दातांचं काय व्हतं ते तुले माहीत नाही."

हे मी कामिनी मॅडमना फोनवर सांगितलं. त्या मात्र खरंच चांगल्या. म्हणाल्या, "आजोबा, जुनं इंजिन, जुनं छत, जुना रंग करून आणा. मी नियम काढून ठेवला आहे. आठवड्यात काम करते."

मी बरं म्हणालो, आणि चुडामणकडे जाऊन त्याला सांगितलं, की घाई नाही. त्यालाही नव्हतीच. जूनमध्ये त्याने जुनं छत शोधायला घेतलं. जुलैत पाऊस होता. ऑगस्टमध्ये सुकदेवला हिरवा रंग मिळेना, आणि मी तो मिळावा म्हणून कोणालाही विचारलं नाही. मॅडमचा फोन आला की मी म्हणायचो, चाललं आहे, मॅडम. प्रेमराजचा फोन आला की म्हणायचो, आरटीओचं काम आहे, प्रेमराज, तुला माहीतच आहे. मॅडमचं नाव यात विनाकारण खराब झालं. त्यांची फाइल तयार होती. गाडी तयार होऊ देत नव्हतो आम्ही.

ताईबाई सकाळी गाडीत बसून चहा घ्यायची. येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायची, "पासिंग झालं का रे?" मी म्हणायचो, "नाही." मग ती कोकिळाला म्हणायची, "बरं, मंग दुपारची भाजी सांग मले, निवडून देते." एकदा तिने मला जवळ बोलावून हळूच विचारलं, "सुपड्या, हिरवा रंग जळगावात भेटत नाही?" मी म्हणालो, नाही भेटत. तिने मान हलवली. "नसंन भेटत," ती म्हणाली.

ताईबाई दोन हजार चोवीस सालच्या नोव्हेंबर महिन्याच्या सोळा तारखेला, शनिवारी पहाटे गेली. नशिराबादला, आमच्या घरी, माहेरात.